शिवणीच्या शेजारी

बाकावर एक एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनचा धूर एकत्र आणणारा नळ्यांचा जोड, उलटा ठेवलेला आहे. चार नळ्या वळसे घेत एका तोंडाशी येऊन मिळतात, त्या तोंडावर टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, बसायचा. चौथ्या नळीला फ्लँजशी, म्हणजे इंजिनला आवळायच्या जाड पट्टीशी, जोडणारी वेल्डची शिवण बघत राहावी अशी: माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी, मध्ये सोनेरी, कडेला निळसर जांभळी. आणि तिच्या अगदी काठाने काजळीची एक बारीक रेघ. फडक्याने पुसली की जाते. नख फिरवलं की नख अडकतं. भेग आहे, पण शिवणीत नाही, शिवणीपासून मिलिमीटरभर पलीकडे, जिथे धातूला कुणी हातही लावला नव्हता तिथे. दुसऱ्या टोकाला पहिल्या नळीची शिवण आहे. तिथे वेल्डिंगचा टॉर्च नीट शिरत नव्हता, हात अवघडलेला होता, त्यामुळे ती कुठे फुगलेली, कुठे बसलेली, दाखवायला लाज वाटावी अशी झाली. तिला काही झालेलं नाही. एकच इंजिन, एकच धूर, तितकेच किलोमीटर. देखणी शिवण शेजारी फाटली आणि कुरूप टिकली, ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

आधी साधा हिशोब करावा. ३०४ स्टेनलेस स्टील दर अंशाला दर मीटरमागे साधारण १७ मायक्रोमीटर वाढतं. साधं पोलाद बारापर्यंत, बिडाचं ओतीव त्याहून थोडं कमी. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिल्या आणि चौथ्या पोर्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर पडायच्या तोंडांमध्ये, सुमारे ३०० मिलिमीटर अंतर धरलं आणि नळी खोलीच्या तापमानापासून ७०० अंशांपर्यंत गेली, तर तेवढ्या लांबीत साडेतीन मिलिमीटरची भर पडते. फ्लँज मात्र ॲल्युमिनियमच्या हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, आवळलेली असते आणि त्या हेडमधून नव्वद-शंभर अंशांचं पाणी फिरत असतं. हेड स्वतः अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपेक्षा फारसं वाढत नाही. म्हणजे एकाच तुकड्याचा एक भाग पसरायला निघालेला आणि दुसरा बोल्टांनी जखडलेला. हा फरक कुठेतरी जिरावा लागतो. नळ्यांना वळसे असले तर त्या थोड्या वाकून तो पोटात घेतात. नळ्या आखूड आणि ताठ असल्या तर सगळा ताण जाडी जिथे एकदम बदलते तिथे येऊन साठतो. १२ मिलिमीटरची फ्लँज संपून पावणेतीन मिलिमीटरची नळी सुरू होते ती जागा म्हणजे शिवणीचा काठ. वेल्डिंगच्या आचेने तिथला धातू आधीच भाजून निघालेला असतो. ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात ३०४ जास्त वेळ राहिलं की त्यातलं क्रोमियम कार्बनशी जुळून कणांच्या सीमांवर जमतं, आणि त्या सीमा कमकुवत होतात. गंमत अशी की वेल्डिंगच्या वेळी हा पट्टा काही सेकंदांत ओलांडला जातो, पण गाडी पळवताना मॅनिफोल्ड तासन्‌तास त्याच पट्ट्यात राहतो. म्हणून कार्बन कमी असलेलं ३०४एल काही अंशी बरं, आणि टायटॅनियम मिसळलेलं ३२१ त्याहून बरं. पण ३२१ ची तयार बेंड, म्हणजे वळवलेल्या पाइपचे तुकडे, सहज मिळत नाहीत, म्हणून बहुतेक मॅनिफोल्ड ३०४ चेच होतात.

बेंड निवडताना पातळ एक्झॉस्ट पाइपचा मोह आवरावा. दीड-दोन मिलिमीटरचा पाइप सायलेन्सरपर्यंत ठीक, पण सहा-आठ किलोचा टर्बो ज्याला लटकणार त्याला शेड्यूल १० ची (पाइपच्या जाडीचं एक ठरलेलं माप) जाडी हवी. सव्वा इंची नाममात्र मापाच्या बेंडचा बाहेरचा व्यास ४२.२ मिलिमीटर, दीड इंचीचा ४८.३, आणि दोन्हींची जाडी २.७७. कापताना बँड सॉ असला तर उत्तम. ग्राइंडरने कापल्यावर मात्र टोक सपाट काचेवर सॅंडपेपर ठेवून घासावं आणि दोन टोकं उजेडासमोर धरून बघावीत. मधून उजेड दिसला की तिथे वेल्ड जास्त माल मागणार, जास्त माल म्हणजे जास्त आच, आणि गार होताना तो सांधा त्या बाजूला ओढणार. फटी भरून काढणारा वेल्डर कौतुकाचा मानला जातो, मला तो कंटाळलेला फिटर वाटतो.

टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरणारे वेल्डचे ठिपके, मारायच्या आधी फ्लँज कशाला तरी आवळलेली हवी. जुनं निकामी हेड मिळालं तर त्याहून चांगला साचा नाही. नाहीतर २५ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट. प्रत्येक सांध्याला चार टॅक, समोरासमोर. मग सगळा सांगाडा इंजिनवर चढवून बघायचा: स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकचा बूस्टर, बॉनेट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक नटावर पाना जातो का. हे शेवटचं विसरलेले मॅनिफोल्ड कमी नाहीत. सुंदर वळण, आणि त्याच्या पोटाखाली असा एक नट, ज्याला अर्धा कापलेला पानाच लागतो. पूर्ण वेल्ड करताना एका नळीभोवती सलग फिरायचं नाही. पाव फेरा इथे, पाव फेरा तिसऱ्या नळीला, मग दुसरीला. सगळं झाल्यावर हात लावता येईल इतकं गार होईपर्यंत बोल्ट सोडायचे नाहीत. तरीही फ्लँज थोडी धनुष्यासारखी होतेच. सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचं माप) घालावा. ०.१ मिलिमीटरचं पान कुठेही शिरलं तर मिलिंगवर एक हलका हात मारून घ्यावा. गॅस्केट सांभाळून घेईल या भरवशावर राहिलं की पहिल्या थंडीत सुरू केल्याबरोबर टिक-टिक आवाज येतो आणि इंजिन तापलं की बंद होतो. अशा गाडीत लोक झडपांच्या टॅपेटमध्ये दोष शोधत बसतात.

शिवणीची एक उलटी बाजूही असते.

भरतकामाची पारख जशी कापड उलटून करतात, तशी स्टेनलेसच्या वेल्डची नळीच्या आत डोकावून करावी. बाहेरून हवा दूर ठेवणाऱ्या आरगॉन वायूचा झोत मिळतो, आत मात्र साधी हवा. वितळलेलं स्टेनलेस आतल्या बाजूने ऑक्सिजनला भेटलं की काळी, भुसभुशीत, जळक्या साखरेसारखी खपली धरते. ती खपली म्हणजे तयार भेगच, फक्त अजून लांब न झालेली. शिवाय तिचे कण सुटले तर सरळ टर्बाइनच्या, म्हणजे टर्बोतल्या धुराने फिरणाऱ्या चाकाच्या, पात्यांवर जातात, आणि ती पाती मिनिटाला लाखभर फेरे घेत असतात. त्यामुळे नळीची टोकं ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद करायची, एका बाजूने मिनिटाला चार-पाच लिटर आरगॉन आत सोडायचा, आणि दुसऱ्या बाजूला बारीक भोक ठेवायचं. आरगॉन हवेपेक्षा जड, म्हणून आत खालून सोडावा आणि भोक वर ठेवावं. आतली हवा निघून जायला वेळ द्यावा लागतो. भोक ठेवलं नाही तर शेवटचा इंचभर सांधा बंद होताना आतला दाब वितळलेला धातू तुमच्याच दिशेने फुंकतो. स्टेनलेसला स्टेनलेस जोडताना ३०८एल ची सळई, स्टेनलेसला साधं पोलाद जोडताना ३०९एल. रंग वाचायला शिकावं: पेंढ्यासारखा पिवळा आणि सोनेरी उत्तम, निळा चालेल, राखाडी आणि काळपट म्हणजे आच फार झाली किंवा गॅस कमी पडला. आणि एक गोष्ट ओरडून सांगण्याजोगी. ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर कधीही टॉर्च नेऊ नये. त्यात क्लोरीनयुक्त द्रावक असलं तर आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील किरणांत त्याचा फॉस्जीन होतो, आणि तो माणसाला मारायला फार लागत नाही. ॲसिटोन वापरावं, पूर्ण उडू द्यावं, बाटली लांब ठेवावी.

वेस्टगेटची, म्हणजे जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची, जागा हा असाच मागे पडणारा विषय. टर्बो दिमाखात मध्ये बसवला जातो आणि वेस्टगेटची नळी जिथे जागा उरली तिथून, कधी काटकोनात, कधी चक्क प्रवाहाच्या उलट दिशेने काढली जाते. वेगाने येणारा धूर वळत नाही, सरळ टर्बाइनकडे धावतो. मग स्प्रिंग ०.७ बारचं असूनही वरच्या आरपीएमला बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, एक बारपर्यंत चढत जातो, आणि दोष कंट्रोलरला दिला जातो. नळी चारही प्रवाह मिळाल्यानंतर, प्रवाहाच्या ओघात, तिरकी निघायला हवी. इतकंच.

तेल परतीच्या नळीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण टर्बोच्या माथी मारलेल्या निम्म्या तक्रारी मुळात तिच्या असतात असं माझं मत झालेलं आहे. तेल टर्बोत दाबाने जातं, पण बाहेर पडताना दाब शिल्लक नसतो. बेअरिंगमधून घुसळून निघालेलं ते तेल नसतं, फेस असतो, आणि तो फक्त स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. म्हणून जाणारी नळी बोटापेक्षा बारीक चालते, येणारी आतून किमान १२-१३ मिलिमीटर, शक्यतो १६ हवी. टर्बोचा तेलाचा अक्ष उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. नळीला कुठेही पोट सुटलेलं, म्हणजे खाली जाऊन पुन्हा वर आलेलं वळण नको. सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, ती तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी, पातळीखाली उघडली की फेस मागे तुंबतो. तुंबलेलं तेल टर्बाइनकडच्या सीलमधून बाहेर येतं आणि मागे निळा धूर दिसतो. टर्बो काढला जातो, नवा बसवला जातो, धूर तसाच राहतो. बॉल बेअरिंगच्या टर्बोत जाणाऱ्या तेलावर सुमारे एक मिलिमीटर भोकाचा निर्बंधक लागतो, साध्या बेअरिंगला सहसा लागत नाही. पाण्याच्या दोन नळ्या असतील तर त्यांचा खरा उपयोग गाडी बंद केल्यावर सुरू होतो. पंप थांबलेला असतो, टर्बाइनची धग बेअरिंगकडे सरकते, तिथलं पाणी तापून स्वतःहून वर चढतं आणि खालून गार पाणी ओढून घेतं. हे व्हावं म्हणून खालच्या तोंडातून पाणी आत, वरच्या तोंडातून बाहेर, आणि बाहेर जाणारी नळी शेवटपर्यंत चढती. मध्ये एक उंचवटा आला की तिथे वाफ अडकून फिरणं थांबतं.

थंड बाजूचा, म्हणजे टर्बोचा कॉम्प्रेसर दाबतो त्या हवेचा, हिशोबही पाहण्यासारखा आहे. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला, म्हणजे एक बार बूस्टला दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १२५ अंशांवर बाहेर पडते. इंटरकूलरने, म्हणजे ही दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीने, वाढलेल्या उष्णतेतले ७० टक्के काढले तर इंजिनला साठच्या आतली हवा मिळते. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायर या टर्बोवाल्या गाडीत इंटरकूलर नव्हता, आणि कॉम्प्रेशनचं प्रमाण १०.२५ ला १ होतं. ठोका, म्हणजे इंधनाचं अवेळी भडकणं, टाळायला तिच्यात पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण फवारलं जाई, आणि त्याची टाकी भरत राहणं मालकाकडे होतं. मालक विसरत. टाकी रिकामी झाली की एक झडप बूस्ट आवरून धरायची आणि गाडी मंदावायची. इंटरकूलरला आठवण ठेवावी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याच्या टाक्या बनवताना कारागीर फसतो. डब्याच्या आकाराची टाकी केली की हवा तोंडासमोरच्या चार-पाच नळ्यांतून धडाधड जाते आणि बाकीचा कोअर, म्हणजे नळ्या-पंखांची जाळी, नुसता शोभेला राहतो. टाकी तोंडाकडे रुंद, पलीकडे निमुळती हवी. आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग तीन मिलिमीटरचा पत्रा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० च्याही पुढे. त्यामुळे एसी करंट, फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला स्टेनलेसचा ब्रश, आणि घासल्यावर लगेच वेल्ड. सळई ४०४३ घ्यावी. ५३५६ जास्त ताकदीची म्हणून पुष्कळजण तिच्याकडे वळतात, पण सतत ६५ अंशांवर तापणाऱ्या जागी ती वापरू नये, आणि ही जागा तर सव्वाशे अंशांची आहे.

इथेही गळती शिवणीत क्वचित होते, रबरात होते. ६३ मिलिमीटरच्या पाइपवर एक बारचा दाब सुमारे ३२ किलोचा धक्का देतो. पाइपच्या टोकाला उंचवट्याची कडी नसेल तर चांगल्यातला चांगला क्लॅम्पही भर बूस्टला निसटतो. पाइप एकमेकांच्या रेषेत हवेत. सिलिकॉनच्या तुकड्याने वाकडेपणा झाकला की इंजिन हलताना तो तुकडा रोज थोडाथोडा सरकत राहतो. आणि इंजिन हलतंच.

रेडिएटरचं काम सगळ्यात कमी दिखाऊ आणि सगळ्यात जास्त गाड्या त्याच्याचपायी थांबलेल्या. इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यात येतो. ताकद दीडपट केली की ही उष्णताही जवळपास दीडपट. म्हणून जाड कोअर आणला जातो, त्याच्यापुढे इंटरकूलर, बाजूला तेलाचा कूलर, आणि तरी काटा चढतो. कारण हवा. हवा आळशी असते. कोअरच्या बारीक जाळीतून जाण्यापेक्षा तिला शेजारच्या दोन बोटं फटीतून जाणं बरं वाटतं. समोरून कोअरपर्यंत पत्र्याचं तोंड करून सगळ्या फटी फोमने बंद केल्या, तर समोरचं तोंड कोअरच्या क्षेत्रफळाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं असलं तरी पुष्कळदा पुरतं. आणि आलेली हवा बाहेर पडायलाही वाट हवी. बॉनेटखाली दाब साठला तर पुढून कितीही ओढा, काही फिरत नाही. टाक्या वेल्ड करताना लक्षात ठेवायचं की कोअरच्या नळ्या आणि पंख ब्रेझिंगने चिकटवलेले असतात, आणि तो चिकटवणारा मिश्रधातू ५८० अंशांच्या आसपासच पाझरू लागतो. म्हणून इंचभर वेल्ड, मग दुसऱ्या टोकाला इंचभर. घाई केली तर आपली शिवण पक्की होते आणि तिच्या शेजारचा कारखान्यातला सांधा गळू लागतो.

तपासताना हवेऐवजी पाण्याने दाब द्यावा, दीड बार पुरे. दाबलेल्या हवेने उडालेला बूच भिंतीत रुततो, पाण्याने उडालेला नुसता पायाशी पडतो.

पाणी भरताना इंजिनमधली सर्वांत उंच जागा शोधायची. हाताने बनवलेल्या मांडणीत ती बहुधा रेडिएटरचं झाकण नसते, टर्बोच्या पाण्याची नळी किंवा थर्मोस्टॅटचं घर असतं. तिथून एक बारीक नळी चढत एक्सपान्शन टँकपर्यंत न्यावी, आणि तो टँक सगळ्यांच्या वर. नाहीतर हवेचा बुडबुडा हेडमध्ये बसून राहतो. नेमका तो तापमानाच्या सेन्सरपाशी बसला तर काटा ऐंशीवर शांत दिसतो, कारण सेन्सर पाण्यात नसून वाफेत आहे. १.१ बारचं झाकण साध्या पाण्याचा उकळबिंदू १२० च्या पुढे नेतं, पण दाब टिकला तरच. पाण्याच्या पंपाच्या शोषणाच्या बाजूच्या होजमध्ये आतून स्प्रिंग नसेल तर जास्त आरपीएमला तो चपटा होतो. हे इंजिन बंद असताना कधीच दिसत नाही.

मॅनिफोल्डला गुंडाळायच्या पट्टीबद्दल दोन तट आहेत. पट्टीने बॉनेटखालची धग कमी होते हे खरं. पण ती धग नाहीशी होत नाही, धातूतच राहते, आणि नळी आणखी वरच्या तापमानाला जाते. भर म्हणजे भेग पडली तरी ती पट्टीखाली कुणाला दिसत नाही. मला पत्र्याची ढाल आणि मधली हवा जास्त विश्वासाची वाटते. दिसायला ओबडधोबड असते, पण काढून बघता येतं.

तर बाकावरचा तो मॅनिफोल्ड. भेगेवर नुसती शिवण चढवून भागत नाही. आधी भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगद्रावाने तिची खरी लांबी काढायची. डोळ्याला २० मिलिमीटर दिसते ती ३० निघते. दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरची भोकं, मग पूर्ण जाडीपर्यंत व्ही आकारात घासून, आत आरगॉन सोडून भरून घ्यायची. पण घासण्याआधी थोडा वेळ नुसतं बघावं. पहिल्या नळीकडच्या फ्लँजची भोकं बोल्टापेक्षा दीड मिलिमीटर मोठी ठेवलेली आहेत, आणि त्यांच्या आत एका बाजूला बोल्टाच्या घासण्याने चंद्रकोरीएवढी चमक आलेली आहे. ते टोक दर वेळी सरकलं आणि परत आलं. चौथ्या नळीकडे टर्बोचं वजन पेलायला ब्लॉकपासून एक भक्कम आधार दिलेला होता, चांगला आठ मिलिमीटर जाडीचा, दोन्ही टोकांना गोल भोकं आणि पूर्ण टॉर्कने आवळलेले बोल्ट. तिथला वॉशर उचलला तर खालचा रंग पहिल्या दिवसाइतका कोरा आहे.